मटमध्ये लिहिलेलं पत्र कुठे जातं?

मागच्या व्याख्यानानंतर इंदिरानगरातल्याच एका श्रोत्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सर, मटमध्ये मुलीला तासभर पत्र लिहिलं, बाहेर पडलो, आणि पत्र गायब!"

आता हे बघा. मट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालणारा ईमेलचा प्रोग्रॅम. मायकेल एल्किन्स यांनी तो १९९५ साली लिहिला. याला स्वतःला पत्र लिहिता येत नाही. तो एक तात्पुरती फाइल करतो, एडिटरच्या हाती देतो आणि वाट बघत बसतो. फाइल दिली तशीच परत आली, तर यांना पत्र पाठवायचंच नाही असं धरून ते रद्द करतो. आपले श्रोते कुणीतरी सांगितलं म्हणून विसर्गचिन्ह, क्यू आणि उद्गारचिन्ह दाबून बाहेर पडले होते. त्याचा अर्थच 'न साठवता बाहेर' असा आहे.

पण एडिटर कुठला हे ठरवतं कोण? मट आधी स्वतःच्या सेटिंगमध्ये बघतो, मग 'व्हिज्युअल' आणि त्यानंतर 'एडिटर' या नावाच्या सिस्टीममधल्या नोंदी. (दोन नावं का? एके काळी टर्मिनल कागदावर छापायचं, तेव्हाचा एडिटर एकेक ओळ हाताळणारा. पडदे आले तेव्हा पूर्ण पान दाखवणाऱ्या एडिटरसाठी वेगळं नाव लागलं.) कुठेच काही नसेल तर वीआय. ते बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीत विद्यार्थी असताना लिहिलं. त्यात सुरुवातीला अक्षर दाबलं की ते उमटत नाही, ती आज्ञा ठरते. म्हणजे तुम्ही काही निवडलं नाहीत, तरी निवड झालेलीच असते, आणि ती तुमच्या सोयीची असेलच असं नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलचं इंटरनेट आलं, तेव्हा शेल अकाउंटवर पुष्कळांनी पाइन वापरलं. त्यात पिको एडिटर आतच होता, त्यामुळे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

उपाय एका ओळीचा. होम फोल्डरमध्ये डॉट-मट-आर-सी ही फाइल उघडा, नसेल तर करा. तिच्यात रोमन लिपीत लिहा: सेट, मोकळी जागा, एडिटर, लगेच बरोबरचं चिन्ह, नॅनो. सगळी अक्षरं लहान. नॅनो खाली कळांची यादी दाखवतो आणि बाहेर पडताना साठवू का असं विचारतो. पाइनचा वारस अल्पाइन वापरत असाल, तर नुसतं नाव देऊन भागत नाही. पर्यायी एडिटर आपोआप उघडण्याची खूणही करावी लागते.

मराठीत लिहिताना काही टर्मिनलवर जोडाक्षरं सुटी दिसतील. घाबरू नका, यूटीएफ-८ असेल तर मुलीकडे ती नीट पोचतात.

त्या श्रोत्यांचं पत्र मात्र परत मिळणार नाही. ते फाइलमध्ये उतरलंच नव्हतं.