पोरांच्या हातावर पाणी पडू द्या



मी शेतीखात्याचा माणूस. बी-बियाणे, खते, कीड-रोग हे माझे विषय. आज मात्र शाळेच्या संडासाविषयी आणि मुलांच्या हात धुण्याविषयी लिहायला बसलो आहे. ‘साहेबांनी शेत सोडून हे काय काढले?’ असे तुम्हाला वाटेल. पण हा विषय मला शेताच्या बांधावरच भेटला. तो कसा, ते आधी सांगतो.

२०११ सालची गोष्ट. एका गावी शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या शेतात आम्ही ठिबकवरच्या कपाशीचे प्रात्यक्षिक घेतले होते. एकेका झाडाच्या बुडाशी मोजून पाणी पडत होते. त्या शेतकऱ्याची मुलगी सातवीत होती. एके दिवशी ऐन शाळेच्या वेळी ती बांधावर बसलेली दिसली. वडील म्हणाले, “महिन्यातले चार दिवस तिचं डोकं दुखतं साहेब, मग राहते घरी.” चहा घेऊन आलेली तिची आई थबकली आणि म्हणाली, “डोकं कशाचं दुखतंय भाऊ! शाळेच्या संडासात पाणी नाही, दाराला कडी नाही. पोरीनं जावं कुठं?”

मी मान खाली घातली. कुंपणाच्या अलीकडे प्रत्येक झाडाला पाणी होते आणि पलीकडे ऐंशी लेकरांना नव्हते. हंगामभर त्या बांधावरून ये-जा करूनही मला ते दिसले नव्हते.

तसाच शाळेत गेलो. खिचडीची वेळ होती. एकच बादली ठेवलेली. मुले आळीपाळीने तीत हात बुडवून ताटावर बसत होती. पहिल्याच्या हाताची घाण ऐंशीव्याच्या पोटात जाण्याची सोयच झाली होती म्हणा ना!

मंडळी, आपण बियाण्याला औषध चोळल्याशिवाय पेरत नाही. मग पोरांच्या हाताकडेच दुर्लक्ष का? हगवण, विषमज्वर, कावीळ हे रोग विष्ठेतून पाण्यात, हातावर आणि तेथून तोंडात जातात. जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने टिकून राहतात. आकडेजंताची पिल्ले तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. पोर फिकट दिसते, वर्गात पेंगते, आणि आपण म्हणतो, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ जंतनाशक दिनी शाळेत गोळी मिळते, ती अवश्य घ्यावी. पण हात धुण्याची सवय नसेल तर ते तण वरून कापण्यासारखे झाले. मूळ जागच्या जागी राहते.

हात धुण्याचे मोल मोठमोठ्या डॉक्टरांनाही उशिराच कळले. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. विहिरीत टाकायची आपली टीसीएल पावडर त्याच जातीची. मुलांना मात्र ती नको, साधा साबण पुरे.

आता कामाचे बोलू. ऐंशी मुलांना दिवसातून दोनदा हात धुवायला माणशी अर्धा लिटर धरले तर ८० लिटर पाणी लागते. म्हणजे आपले पाठीवरचे १६ लिटरचे पाच पंप! एवढे पाणी गावाला जड नाही.

दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम ओट्यावर ठेवा. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी चालणार नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. ड्रमपासून दहा फूट पीव्हीसी नळी आडवी न्या, शेवटी टोपी लावा आणि फूट-दीड फुटावर साध्या तोट्या बसवा. लहानांसाठी दीड फूट आणि मोठ्यांसाठी अडीच फूट उंची बरी पडते. ठिबकची जोडणी ज्याला येते, त्याला हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. पाणी नेहमी हातावर पडले पाहिजे, हात पाण्यात बुडता कामा नये.

सांडपाण्याला तीन फूट लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घ्या. त्यात दगडगोटे आणि विटांचे तुकडे भरा. जागा असेल तर तेच पाणी केळी-अळूच्या वाफ्याला सोडा.

संडासाला जास्त उताराचे ग्रामीण भांडे बसवले म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात ते साफ होते. दोन खड्डे घ्यावेत. एक भरला की बंद करून दुसरा वापरावा. पहिल्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत बिनवासाचे सोनखत होते. पिण्याच्या विहिरीपासून खड्डे निदान ५० फूट दूर असावेत. मुलींसाठी वेगळा संडास, आतून कडी आणि झाकणाची कचरापेटी ही चैन नव्हे. मुलामुलींचे वेगळे संडास तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच सांगितले आहेत.

बांधकाम सोपे, निगा अवघड. त्या गावी शेतकऱ्याने आपल्या विहिरीची नळी कुंपणापलीकडे दिली आणि दाराला कडीही बसली. पण चार महिन्यांनी गेलो तर साबण गायब, दोन तोट्या मोडलेल्या. साबण चोरीला जातो म्हणून तो कपाटात ठेवला होता! मग शाळा व्यवस्थापन समितीत आयांना बोलावले. त्यांनी तोड काढली. वडीचे तुकडे करून कांद्याच्या जाळीत घालायचे आणि जाळी नळीला बांधायची. ड्रम भरायची पाळी वर्गावार लावली. त्यात मुलगे-मुली दोन्ही, कोणा एका जातीची किंवा फक्त मुलींची पाळी नाही. संडास धुण्यासाठी मात्र पगारी माणूस ठेवला, त्यासाठी घरटी वर्गणी काढली. शिक्षकांनी नियम घातला, साबण लावून बेचा पाढा सावकाश म्हणायचा, मगच पाणी.

पुढच्या हंगामात ती मुलगी मला वर्गाच्या खिडकीतून दिसली. महिन्याचे चारही दिवस शाळेत येते, असे तिच्या आईने आपणहून सांगितले.

घरीही हाच नियम पाळा. फवारणीहून किंवा कापूस वेचून आलेल्या हाताने भाकरीला शिवू नका, पोराला उचलून घेऊ नका.

२०१४-१५ साली देशभर शाळांतून संडास बांधले गेले. पण पाणी आणि निगा नसेल तेथे त्यांना कुलूपच लागणार. म्हणून माझे एकच मागणे आहे. येत्या शनिवारी शाळेत जा. संडासाचे दार स्वतः उघडून पाहा, तोटी फिरवून पाहा, साबण आहे का पाहा. बांधावरून नुसते जाऊ नका. ती चूक मी केली आहे, तुम्ही करू नका.