फिशरचा पाइप

एका वाचकांनी विचारलं आहे : भावाला बायपोलर डिसऑर्डर आहे, रोज एक पाकीट सिगारेट संपते. घरातले म्हणतात, 'ओढू दे, तेवढंच त्याचं डोकं शांत राहतं.' हे बरोबर आहे का?

घरच्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. सिगारेट म्हणजे मनोरुग्णाने स्वतःवर केलेला उपचारच, असं कित्येक डॉक्टरही मानत आले. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत तर या समजुतीला तंबाखू कंपन्यांनी संशोधनासाठी पैसे देऊन खतपाणी घातलं. त्यांचेच अंतर्गत कागद बाहेर आले तेव्हा ते कळलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, मानसिक आजार कधीच न झालेल्यांपैकी साधारण २२ टक्के लोक धूम्रपान करत होते. बायपोलर असलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६० टक्क्यांच्या वर होतं. प्रश्न एवढाच, की आधी काय? आजार, सिगारेट, की दोन्हींच्या मुळाशी असलेलं तिसरंच काही?

या 'तिसऱ्या'चा सर्वांत हट्टी वकील होता रोनाल्ड फिशर. आधुनिक संख्याशास्त्राचा आणि लोकसंख्येच्या आनुवंशिकीचा एक जनक, महालनोबिसांच्या कोलकात्यातल्या संख्याशास्त्र संस्थेचा पाहुणा आणि पाइपचा शौकीन. १९५० साली डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. फिशर उसळला. काही जीन्समुळे माणूस सिगारेटकडेही ओढला जात असेल आणि त्याच जीन्समुळे त्याला कर्करोगही होत असेल, असं तो म्हणाला. १९५८ साली 'नेचर'मध्ये त्याने पुरावा दिला : एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा जास्त मिळत्याजुळत्या असतात. त्याच काळात तो तंबाखू उत्पादकांच्या समितीचा सल्लागार होता, हे विसरायचं नाही. कर्करोगाबाबत तो साफ चुकला. पण आक्षेप मूर्खपणाचा नव्हता.

गंमत अशी, की त्या आक्षेपाची छाननी आता जीन्स वापरूनच होते. आईबापांकडून कोणता जीन आपल्या वाट्याला येणार, हे गर्भधारणेच्या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणजे निसर्गानेच लोकांचे दोन गट पाडलेले : धूम्रपानाकडे झुकवणाऱ्या जीन्सचे आणि तसे नसलेल्यांचे. (ही युक्ती १९८६ साली मार्टिन काटान या डच शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट'ला लिहिलेल्या छोट्या पत्रात सुचवली होती. विषय होता कोलेस्टेरॉल. बरीच वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही.) २०१९ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी ती बायपोलरला लावली. धूम्रपानाकडे झुकवणारे जीन्स असलेल्यांत बायपोलरचा धोका जास्त दिसला. उलट दिशेने, म्हणजे बायपोलरच्या जीन्समुळे धूम्रपान, असा पुरावा मिळाला नाही.

लगेच 'सिगारेटमुळे बायपोलर होतो' असे मथळे छापू नयेत. धूम्रपान सुरू करायला लावणाऱ्या जीन्सपैकी काही बेधडकपणाशीही जोडलेले आहेत आणि बेधडकपणा हे बायपोलरमधल्या उन्मादाचं लक्षण. इथे फिशरचं भूत अजून मानगुटीवर आहे. 'सिगारेट हेच औषध' या समजुतीला मात्र आधार मिळत नाही. सिगारेट सोडल्यावर चिंता आणि नैराश्य वाढण्याऐवजी कमी होतं, असं २०१४ साली २६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. मनोविकार असलेलेही त्याला अपवाद नव्हते.

तेव्हा भावाने जरूर सोडावी, पण मानसोपचारतज्ज्ञाला सांगून. सिगारेटच्या धुरातल्या डांबरी रसायनांमुळे यकृतातलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम जोरात काम करतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं भराभर संपवतं. धूर थांबला की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं, रक्तातलं औषध वाढतं आणि कालपर्यंत योग्य असलेला डोस जड होतो. लिथियमचं असं होत नाही, ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. हा सगळा प्रताप धुराचा, निकोटिनचा नव्हे. त्यामुळे निकोटिनचा पॅच लावून डोसाचा प्रश्न सुटत नाही आणि तंबाखू मळून खाणाऱ्याला तो पडतही नाही. महाराष्ट्रात २०१६-१७च्या पाहणीत सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, ओढणारे ४ टक्क्यांच्या आत. परदेशी मार्गदर्शिका आपल्याकडे वापरताना रुग्ण ओढतो की खातो, हे आधी विचारलेलं बरं.

कॅफिनचा निचराही हेच एन्झाइम करतं. सिगारेट सुटल्यावर तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातलं कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकतं, झोप उडते, आणि बायपोलरमध्ये झोप उडणं म्हणजे उन्मादाला निमंत्रण. भावाच्या कपांची संख्याही निम्मी करा.