वळण जरा गोल ठेवा

आमच्या घरी फायबरचं इंटरनेट आलं, तेव्हा जोडणाऱ्या मुलानं दाराच्या कोपऱ्यात केबल काटकोनात दुमडून ठोकली. ‘किती सफाईचं काम!’ अम्मी म्हणाली. आठवड्यानं लेकीची ऑनलाइन परीक्षा मध्येच तुटली.

दुसऱ्या तंत्रज्ञानं कारण सांगितलं. केबलमध्ये केसासारखी बारीक काच असते. तिच्या आतल्या आत परावर्तित होत प्रकाश धावतो. वळण फार तीव्र झालं, की तो बाहेर निसटतो. साधारण नियम असा, की वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहापट हवी; ओढताना वीसपट. म्हणजे 3 मिलिमीटर जाडीला 3 सेंटिमीटर. तांब्याच्या नेटवर्क केबलला चौपट पुरते, मात्र ती विजेच्या तारांपासून दूर हवी.

फेरपरीक्षा सुरळीत झाली. अम्मी आता कोपऱ्यातल्या त्या गोल वळणाला कुणाला हात लावू देत नाही.