भांग-गांजा कोणी तोलावा?

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेस जोतिबाचा डोंगर गुलालाने कसा रंगून जातो, सासनकाठ्या कशा नाचतात आणि 'चांगभलं'च्या गजराने वाडी रत्नागिरीचा आसमंत कसा दुमदुमतो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. दर्शन उरकून मंडळी पायऱ्यांच्या कडेला विसावली म्हणजे ऊसदरापासून सोयरिकीपर्यंत नाना विषय निघतात. त्यांत अलीकडे एका नव्या विषयाची भर पडली आहे, आणि तो म्हणजे गांजा. एक म्हणतो, गांजा हा शंकराचा प्रसाद, आणि आपला जोतिबा म्हणजे केदारनाथच. मग त्यात पाप ते कसले? दुसरा मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवितो की, भांगेच्या तेलाने कर्करोग बरा होतो. गुडघेदुखीने बेजार झालेली एखादी म्हातारी विचारते, "खरंच बाबा, त्या तेलानं गुण येईल का?" आणि ज्याचा तरुण मुलगा चिलमीच्या नादी लागून शिक्षण सोडून घरी बसला आहे, तो बाप मान खाली घालून मुकाट्याने ऐकत असतो.

या चौघांस एकच उत्तर देता येणार नाही. तथापि तसे एकच उत्तर देण्याचा हट्ट दोन्ही पक्षांनी धरल्यामुळे हा वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला आहे. एका पक्षास भांग-गांजा म्हणजे संजीवनी वाटते, दुसऱ्यास ते केवळ विष वाटते. आमचे मत असे की, येथे तीन निरनिराळे प्रश्न एका पोत्यात कोंबले गेले आहेत: औषधाचा, नशेचा आणि व्यापाराचा. ते वेगळे काढल्यावाचून कोणताच सुटणार नाही.

प्रथम धर्माचा आधार घेणाऱ्यांविषयी दोन शब्द. जोतिबास भाविक गुलाल-खोबरे उधळतात आणि दवणा वाहतात. चिलीम वाहत नाहीत. शंकराने हलाहल प्राशन केले म्हणून कोणी आपल्या मुलास विष पाजीत नाही. मग व्यसनास तेवढे देवाचे पाठबळ शोधावे, हे भक्तीचे लक्षण नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहता, साधू-बैराग्यांच्या हाती दिसते म्हणून एखाद्या वनस्पतीतील औषधी गुणच नाकारणे हेही शहाणपणाचे नाही. आयुर्वेदाने हिला 'विजया' म्हटले आणि जातीफलादि चूर्णासारख्या योगांत तिला स्थान दिले. परंतु ते मात्रा ठरवून, शोधन करून आणि रोग पाहून. पूर्वजांचा दाखला द्यावयाचा तर तो मात्रेसह द्यावा.

हा वाद आजचा नव्हे. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर ओशॉनेसी यांनी १८३९ साली या वनस्पतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आधी जनावरांवर आणि मग संधिवात, धनुर्वात, पटकी यांच्या रोग्यांवर त्यांनी तिचा अर्क वापरून पाहिला, आणि पाश्चात्य वैद्यकात तिचा प्रवेश झाला. पुढे विलायतेच्या पार्लमेंटात गांजाच्या दुष्परिणामांविषयी ओरड झाली, तेव्हा सरकारने १८९३ साली चौकशी कमिशन नेमले. त्याने हिंदुस्थानभर फिरून ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. बेताचे सेवन सहसा अपाय करीत नाही, अतिसेवन मात्र शरीरास व मनास घातक ठरते, आणि सरसकट बंदीपेक्षा निर्बंध व कर हा मार्ग बरा, असा त्याचा निष्कर्ष होता.

गांजाचे कैवारी हा अहवाल आज वेदवाक्याप्रमाणे नाचवितात. त्यांस आमचे सांगणे एवढेच की, त्या काळी गांजावरील कराचे उत्पन्न सरकारच्या तिजोरीत पडत होते, हे विसरू नये. आणि सव्वाशे वर्षांपूर्वीचे वैद्यक आजच्या रोग्याचा निवाडा करण्यास पुरेसे नाही, हेही ध्यानात घ्यावे. पण त्या अहवालातील एक गोष्ट मात्र आजही शिकण्याजोगी आहे. वेड्यांच्या इस्पितळांतील पुष्कळ रोग्यांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे लिहिलेले होते. कमिशनने मुळाशी जाऊन पाहिले तेव्हा असे आढळले की, कित्येकदा ही नोंद पोलिसांनी भरून दिलेल्या कागदावरून, काहीही तपास न होता, उतरविली गेली होती. सारांश, पुरावा अनुकूल असो वा प्रतिकूल, तो तपासून घेतल्यावाचून मानू नये.

आता आजचे शास्त्र काय म्हणते ते पाहू. इस्राएलातील मेकुलम आणि गाओनी या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वनस्पतीतील मादक द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले; त्यास संक्षेपाने टीएचसी म्हणतात. सीबीडी या नावाचे दुसरे द्रव्य तशी नशा आणीत नाही. गांजाच्या एका चिलमीत ही दोन्ही द्रव्ये किती, हे ओढणाऱ्यास ठाऊक नसते आणि विकणाऱ्यासही नसते. औषध आणि नशा यांतील पहिला भेद येथेच आहे. औषधाचे माप असते, चिलमीचे नसते.

मापून दिलेल्या औषधाचे गुण सिद्ध झाले आहेत, ते थोडे आहेत पण खरे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारातील स्नायूंचा ताठरपणा आणि प्रौढांच्या जुनाट वेदना, या तीन बाबतींत उपयोगाचा भक्कम पुरावा असल्याचे तिने सांगितले. २०१८ साली त्याच देशाच्या औषध प्रशासनाने, लहान मुलांना जडणाऱ्या अपस्माराच्या दोन दुर्धर प्रकारांवर, शुद्ध सीबीडीच्या औषधास मान्यता दिली. दिवसातून अनेक वार झटके येणाऱ्या लेकराच्या आईस या मान्यतेचे मोल विचारावे. मात्र वेदनांविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ साली, पुरेशा पुराव्याअभावी, या द्रव्यांचा सर्रास वापर करण्यास आपली संमती नाकारली. आणि कर्करोग बरा होतो, या दाव्यास तर माणसांवरील प्रयोगांचा आधारच नाही. तेव्हा आमच्या म्हातारीस प्रामाणिक उत्तर हेच की, "आजी, गुडघ्यावर चोळायच्या त्या तेलाची हमी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका; आधी गुडघा डॉक्टरांना दाखवा."

अपायांची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. मेंदूची वाढ विशीनंतरही काही वर्षे चालू असते; म्हणून कोवळ्या वयात लागलेला गांजा स्मरण, अभ्यास आणि चित्ताची स्थिरता यांवर आघात करतो. ज्यांच्या प्रकृतीत वा कुळात मनोविकाराचे बीज आहे, त्यांना भ्रम-भासांचे वेड लागण्याचा धोका त्याने वाढतो, आणि जितके सेवन अधिक तितका धोका अधिक. गर्भारपणी घेतल्यास मूल कमी वजनाचे उपजते. नशेत वाहन हाकल्यास अपघाताची भीती वाढते, आणि नित्याच्या धुराने छातीत कफाचा विकार घर करतो. गांजाची सवय लागतच नाही, ही समजूतही खोटी आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करविलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्या सेवनामुळे मदतीची गरज होती. मान खाली घालून बसलेला तो बाप या ७२ लाखांच्या कुटुंबांपैकीच एक होय.

मग कायदा काय म्हणतो? १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून आपल्याकडे १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्याने झाडाच्या फुलोऱ्यास गांजा ठरविले. फुलोऱ्यावाचूनची नुसती पाने व बी यांस त्या व्याख्येतून वगळले. म्हणून भांग त्या कायद्याबाहेर राहिली; परंतु महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही लागू आहे, हे आमच्या व्यापारी वाचकांनी विसरू नये. वीस किलोहून अधिक गांजा सापडल्यास किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. पण याच १९८५ च्या कायद्यात वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी सवलतीचे दार ठेवलेले आहे, आणि त्या दाराची किल्ली पुष्कळ अंशी राज्य सरकारच्या हाती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी या वनस्पतीस अत्यंत घातक द्रव्यांच्या यादीतून काढले, तेव्हा भारतानेही काढण्याच्या बाजूने मत दिले. म्हणजे तिच्या औषधी उपयोगाचा विचार व्हावा, हे आपल्या सरकारने जगापुढे मान्य केले आहे. परंतु परदेशी सभेत हात वर करणे सोपे, घरच्या इस्पितळात शिस्तीचे प्रयोग चालविणे कठीण!

भयाने केलेला कायदा रोग्यास कसा बाधतो, याचा अनुभव आपण एकदा घेतला आहे. १९८५ च्या कायद्यातील कडक परवान्यांमुळे मॉर्फिन ठेवण्यास इस्पितळे व औषधविक्रेते धजेनासे झाले, आणि ज्या देशात अफू पिकते त्याच देशातील कर्करोगी वेदनांनी तळमळत राहिले. तो दोष काही अंशी दूर करण्यास २०१४ ची दुरुस्ती यावी लागली. व्यसनी माणसास धाक बसावा म्हणून केलेल्या बंदोबस्तात मरणपंथास लागलेला रोगी भरडला गेला. तीच चूक पुन्हा होऊ नये.

पण उलट चुकीचाही दाखला जगात ताजा आहे. थायलंडने २०२२ साली गांजास अमली द्रव्यांच्या यादीतून काढले, आणि पाहता पाहता गल्लोगल्ली दुकाने थाटली गेली. औषधाचे नाव आणि करमणुकीचा बाजार, असा प्रकार झाला. अखेर २०२५ साली डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विक्री नको, असा हुकूम त्या सरकारला काढावा लागला. दार आधी उघडून पहारेकरी मागून नेमला, की असेच व्हावयाचे.

येथे आम्हांस आपल्या पेठांतील व्यापारी बंधूंशी स्पष्ट बोलावयाचे आहे. 'विजया' नावाने तेले, गोळ्या व अर्क आता बाजारात येत आहेत. त्यांतील काही परवानाधारक आयुर्वेदीय कारखान्यांची आहेत व ती वैद्याच्या चिठ्ठीवर देण्यासाठी आहेत. आपल्या औषधविषयक नियमांत भांगेची गणना विषारी द्रव्यांत केलेली असून, पोटात घेण्याच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. शिवाय १९५४ च्या कायद्याने कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिराती करणे हा गुन्हा ठरविला आहे. असे असता जो दुकानदार गिऱ्हाइकास "घ्या, सगळ्यावर चालते" म्हणून बाटली देतो, तो कायदा तर मोडतोच, पण त्याहून वाईट म्हणजे रोग्याचे उपचाराचे दिवस हिरावून घेतो. मापात पाप करू नये, ही आपल्या पेठेची जुनी शिकवण आहे. औषधाच्या बाबतीत ती दुप्पट पाळावयास हवी.

आता आमच्या सूचना. पहिली राज्य सरकारास: कायद्याने दिलेला अधिकार वापरून निवडक शासकीय इस्पितळांत या औषधांचे देखरेखीखालचे प्रयोग सुरू व्हावेत. राजर्षी शाहू महाराजांचे नाव धारण करणारे कोल्हापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यांत मागे का असावे? आयुर्वेदाचे वैद्य आणि आधुनिक डॉक्टर यांनी एका टेबलाशी बसून, गुणाबरोबर अवगुणही नोंदवून, निष्कर्ष जनतेपुढे मांडावेत. दुसरी सूचना पालकांस: मुलगा व्यसनात सापडला तर अब्रूच्या भयाने त्यास कोंडू नये वा लपवू नये. सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वखुशीने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल आणि ते पुरे करील, तर त्यास खटल्यातून मुक्तता देण्याची तरतूद १९८५ च्याच कायद्याच्या ६४-अ कलमात आहे. शिक्षेची कलमे सर्वांना पाठ असतात, हे दयेचे कलम मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. तिसरी सूचना जोतिबाच्या यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्यांस: जेथे लाखो माणसे जमतात, तेथे पाण्याच्या व प्रथमोपचाराच्या सोयीशेजारी व्यसनमुक्तीची माहिती देणारा, समजूतदार माणसांचा एक मंडपही असावा. तेथे कोणाचा पंचनामा होऊ नये. जो विचारील त्यास खरे उत्तर मिळावे, एवढेच.

औषध वैद्याने तोलावे, अपराध न्यायाधीशाने तोलावा, आणि व्यापाऱ्याने आपल्या तागडीत तेच घालावे जे या दोघांनी तपासून दिले आहे. आज या तिन्ही तागड्या एकाच हाती, आणि तो हात बहुधा मोबाइलवर मजकूर पाठविणाऱ्या अज्ञात माणसाचा, अशी स्थिती आहे. ती बदलणे सरकार, डॉक्टर, व्यापारी व पालक या चौघांच्याही आवाक्यातले आहे. पुढील चैत्रात डोंगराच्या पायऱ्यांवर ती म्हातारी आपला प्रश्न पुन्हा विचारील. त्या वेळी तिला उत्तर देणारा कोणी जाणता माणूस जवळपास असावा, एवढीच आमची मागणी आहे.