मापात पाप आणि आमोसचा देव

एका गावावर पाऊस, शेजारचं गाव कोरडं. एक शेत भिजलं, दुसरं करपलं. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या आमोस या हिब्रू संदेष्ट्याचं हे चित्र कारंजा तालुक्यातल्या धनजच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. आमोसही तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या जातीची झाडं राखणारा.

त्याचा देव डोंगर घडवतो, पहाटेचा अंधार करतो. एवढा समर्थ देव न्यायाला बसतो तेव्हा पाहतो काय, तर धान्याचं माप! माप लहान केलं, चांदी तोलायचं वजन जड केलं, गव्हात भुसकट मिसळलं, जोड्याच्या किमतीत गरीब विकला. ‘मापात पाप’ म्हणतो ते हेच. आणि त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांतला निवाड्याचा क्रम बघा. आधी दमास्कस, गाझा, सोर. शेजाऱ्यांचे गुन्हे ऐकताना माणसं खूश होतात. मग बोट वळतं ते थेट ऐकणाऱ्यांकडे. संदेष्ट्यांना नुसत्या कोपाचे प्रवक्ते समजणाऱ्यांनी हे दोन अध्याय नीट वाचलेलेच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी शोमरोन घेतलं, ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्यानं यरुशलेमचं मंदिर जाळलं. एरवी हरलेल्यांचा देवही हरतो. इथं लोकांनी पराभवातच आपल्या देवाचा न्याय वाचला.

त्या मंदिराचा शोक कोकणात पोचला. किनाऱ्याला पूर्वजांचं जहाज फुटलं, ग्रंथ बुडाले, असं बेने इस्राएल या कोकणातल्या यहुदी समाजाची परंपरा सांगते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’. संदेष्ट्यांची पुस्तकं हाती नसताना त्यांनी उपास मात्र सोडला नाही. मंदिरनाशाच्या उपासाला नाव पडलं ‘बिरड्याचा रोजा’, वालाच्या बिरड्यावरून. एलिया संदेष्ट्याच्या नावानं मलिदा आजही होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावरची खूण त्याच्या रथाची मानतात. ग्रंथ पुढे परत आले: मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण दिलं, जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनंही उभी राहिली.

पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून, संदेष्ट्यांच्या पुस्तकांसह सबंध बायबल मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल अशा भाषेत. त्याआधी १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आश्रयाला आणल्या होत्या. निवाड्याचे शब्द मराठी करणाऱ्या बाईनं भूक जवळून पाहिली होती, हे मला फार मोलाचं वाटतं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, बेने इस्राएल दारं लावून घेत. या सणाचं त्यांच्यातलं जुनं नावच त्यावरून पडलं होतं. त्या दिवशी दुपारनंतर सिनेगॉगमध्ये योनाचं पुस्तक वाचतात. निनवे शहर पश्चात्ताप करतं, देव शिक्षा मागे घेतो आणि संदेष्टाच रुसतो. तेव्हा देव त्याला विचारतो, एक लाख वीस हजारांहून जास्त अजाण माणसांची मी कीव करू नये का? त्या प्रश्नातच पुस्तक संपतं, आणि त्यातला शेवटचा उल्लेख आहे गुराढोरांचा.