मांडवातला आवाज (भाग ६) : पांढरी पाच धरून कोण बसलंय?

कोजागरीचा कार्यक्रम, एका सोसायटीची गच्ची. कोपऱ्यात पातेल्यात दूध आटतंय, खुर्च्या मांडून झाल्यात, नवाला सुरुवात करायची आहे. साडेआठला आमच्या पेटीवाल्या काकांनी भाता सोडला आणि विचारलं, "अरे, पांढरी पाच धरून कोण बसलंय?"

कुणीच बसलं नव्हतं. कीबोर्डवाला चहाला गेला होता, गायिका खाली घरात साडी बदलत होती. तरी सूर होता. खालच्या, अगदी खालच्या सप्तकात, श्वास न घेता चाललेला. काकांनी पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, दाबून ताडून पाहिलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "पण जरा चढी आहे हं."

काकांचा कान चोख. आपल्या घराघरांतली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. ४४० ला जुळवलेल्या पेटीवर पांढरी पाचचा सूर त्या खालच्या सप्तकात ४९ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे महावितरण रात्रंदिवस पांढरी पाच धरून बसलेलं असतं, किंचित चढी. त्याचाच दुप्पट सूर १०० हर्ट्झ, तीच पट्टी वरच्या सप्तकात. तिप्पट १५० हर्ट्झ, म्हणजे त्याच पांढरी पाचचा पंचम. तंबोरा लावल्यासारखंच सगळं, फक्त तो तुम्ही लावलेला नसतो.

गेल्या भागात माइकच्या शिट्टीबद्दल (फीडबॅकबद्दल) लिहिलं होतं. शिट्टी निदान अख्ख्या गच्चीला ऐकू येते, त्यामुळे सगळेच धावतात. आज तिच्या भावंडांबद्दल. एक गोष्ट आधी सांगतो. मराठीत आवाजांना अनुकरणवाचक शब्द किती आहेत पाहा: घरघर, झिर्रझिर्र, खरखर, तडतड, सूसू. साउंड सांभाळणाऱ्याला हा शब्दकोश फुकट मिळालेला आहे, पण बहुतेक जण "आवाज येतोय" एवढं बोलून मिक्सरची बटणं फिरवायला लागतात. बटणांना हात लावण्याआधी त्या आवाजाला नाव द्या. नाव बरोबर पडलं तर बिघाड कुठल्या बाजूला आहे हे अर्धंअधिक कळलेलं असतं.

तर घरघर. मी मिक्सरचा मास्टर फेडर तळाला नेला. घरघर बंद. म्हणजे अँप्लिफायर, स्पीकर आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या वायरी निर्दोष. दोष मिक्सरच्या अलीकडे. (मास्टर खाली नेऊनही ती चालूच राहिली असती, तर मिक्सरच्या पुढे शोधायचं. जुन्या अँप्लिफायरमधले फिल्टरचे कपॅसिटर वाळले की १०० हर्ट्झची जाड, भरड घरघर येते. ते काम दुरुस्तीवाल्याचं. बंद अँप्लिफायरमधले कपॅसिटरही बराच वेळ चार्ज धरून असतात, तेव्हा झाकण उघडून बोट घालू नका.) मास्टर परत वर नेला आणि एकेक चॅनल खाली घेत गेलो. गायिकेचा, तबल्याचे दोन, पेटीचा, काही फरक नाही. कीबोर्डचा खाली आला आणि गच्ची शांत. मग कीबोर्डकडच्या टोकाची पी-३८ ची (पाव इंची जॅकची) पिन उपटली: शांत. पुन्हा खोचली: पांढरी पाच हजर. दर पावलाला अर्धं जग बाद करत जायचं, एवढीच युक्ती. पाच मिनिटं लागतात. घाबरून सगळ्या वायरी बदलायला निघालात तर तासही पुरत नाही.

कीबोर्डवाल्याने स्वतःला ऐकू यावं म्हणून आपला छोटा अँप आणला होता. त्याची तीन पिनांची वायर लिफ्टच्या खोलीतल्या पॉइंटला. आमचा मिक्सर जिन्यातल्या पॉइंटला. दोन्ही पॉइंटांची अर्थिंगची वायर आपापल्या वाटेने सहा मजले उतरून मीटररूममध्ये एकत्र येते. आणि इकडे गच्चीवर अँप नि मिक्सर यांना जोडणारी आमची सिग्नलची वायर, तिच्यावरची तांब्याची जाळीसुद्धा दोन्हीकडच्या अर्थला टेकलेली. झालं वर्तुळ पुरं. दोन अर्थमध्ये व्होल्टचा काही अंश जरी फरक असला तरी त्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत राहतो. पी-३८ च्या साध्या वायरीत तीच जाळी सिग्नलची परतीची वाटही असते. मग कीबोर्डच्या सुरांबरोबर महावितरणही कार्यक्रमात गायला बसतं.

लांब एक्स्टेन्शन ओढून अँप आणि मिक्सर एकाच बोर्डावर आणले. घरघर गेली. काका म्हणाले, "सुटली एकदाची," आणि सा लावला.

मधल्या वेळात सोसायटीतल्या एका हुशार तरुणाने सल्ला दिला होता: "काका, अर्थची पिन मोडून टाका, आमच्याकडे डीजेवाले तेच करतात." खोटं नाही, पिन मोडली की वर्तुळ तुटतं आणि घरघर जाते. पण प्लगची ती पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते? प्लग खोचताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. अँपच्या आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला लागली, तर तो प्रवाह अर्थमधून जाऊन फ्यूज उडवतो. पिन मोडलेली असेल तर तो पत्र्यावर वाट पाहत बसतो. पत्रा गिटारच्या तारांना जोडलेला, तारा वादकाच्या हातात, आणि ओठ माइकच्या जाळीला. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी इथे भर कार्यक्रमात असाच गेला. अर्थिंग नसलेल्या माइकला त्याचा हात लागला होता. मोडलेल्या पिनेचा प्लग घेऊन कुणी आलं तर मी बोर्ड देत नाही. भांडण झालं तरी चालेल.

एका बोर्डावर आणणं शक्यच नसेल तर डीआय बॉक्स. पॅसिव्ह डीआयच्या डबीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. सिग्नल त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तांब्याला तांबं लागत नाही. डबीवर 'ग्राउंड लिफ्ट'चा खटका असतो. तो दाबला की सिग्नलच्या वायरीतली जाळी एका टोकाला सुटते. भिंतीतल्या अर्थला धक्का लागत नाही. मोडायचंच असेल तर वर्तुळ इथे मोडा.

अर्थचा विषय निघालाच आहे तर न्यूट्रलही. गावच्या जत्रेत, उरुसात मांडवाला थ्री-फेज कनेक्शन घेतात आणि न्यूट्रलचं टोक कुणीतरी नुसतं पिळून टेप गुंडाळून ठेवतं. ते सुटलं की काही दिवे मंद होतात, काही लख्ख. पाहणाऱ्याला वाटतं डेकोरेशनच आहे. प्रत्यक्षात ज्या फेजवर भार कमी तिथला दाब २३० सोडून ४०० व्होल्टच्या दिशेने चढायला लागलेला असतो, आणि कमी भाराच्या फेजवर बहुधा आपणच बसलेलो असतो. माझा एक मिक्सर असा गेला. करपलेल्या वासाने कळलं. तेव्हापासून प्लग खोचण्याआधी मल्टिमीटर. फेज-न्यूट्रल २१० ते २५० च्या आत हवं. फेज-अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या वर नको. फेज-अर्थला शून्याजवळ काहीतरी आलं तर तिथे अर्थिंग नाही, तीन भोकं फक्त शोभेची आहेत. आपल्या एक्स्टेन्शन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) बसवून घ्या आणि कार्यक्रमाआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा.

झिर्रझिर्र म्हणजे बहुतेकदा दिव्यांचा डिमर. तो विजेची लाट मधेच कापतो, त्या कापलेल्या कडा आवाजात टोचतात. दिवे पूर्ण केले की थांबते, अर्धे केले की वाढते. एवढ्यावरून ओळखा आणि दिव्यांची नि आवाजाची फेज वेगळी मागा. सूसू हा तर बिघाडच नव्हे. चॅनलचा गेन कमी ठेवून पुढे सगळीकडे आवाज वाढवला की येते. गेन गायकाच्या चढ्या तानेवर लावा, पुढचं खाली घ्या.

आता तडतड. ही माझी खास शत्रू, कारण ती लपते. तपासायला बसलात की गप्प, गायिकेने माइक हातात घेतला की सुरू. हललं की बोलते, म्हणजे कुठेतरी सांधा सुटलाय. वायर टोकाजवळ चिमटीत धरून हलवा. दहातल्या किती वेळा बिघाड टोकापासून वीतभरात सापडतो याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण मी मधला भाग कधी आधी तपासत नाही.

माइकच्या वायरीच्या टोकाला असलेल्या एक्सएलआरची मागची टोपी फिरवून सोडवा. आत तीन पिना, शेजारी नखाएवढे आकडे: १, २, ३. एकला जाळी. दोन आणि तीनला आतल्या दोन वायरी, ज्यांच्यातून एकच सिग्नल एकमेकांच्या उलट जातो. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो. वाटेत दोन्ही वायरींवर सारखाच चिकटलेला गोंगाट त्या वजाबाकीत नाहीसा होतो, मूळ गाणं दुप्पट होतं. म्हणून माइकची वायर तीस मीटर नेली तरी चालते आणि पी-३८ ची पाच-सहा मीटरनंतर कुरकुरते. कुठला सांधा सुटलाय हे आवाजावरूनही कळतं. दोन किंवा तीन सुटला तर गाणं येतं, पण फिकं, तळ नसलेलं. डायनॅमिक माइक नीट चालतो आणि त्याच वायरीवर कंडेन्सर मुका राहतो, तर एक नंबर सुटला. कंडेन्सरला लागणारी ४८ व्होल्टची फँटम वीज जाळीवाटेच परत जाते. आणि दुरुस्त करताना कुणी दोन-तीनची अदलाबदल केली, तर एकट्या माइकवर काहीच कळत नाही. तबल्याला दोन माइक लावले की कळतं. डग्ग्याचा घुमारा कुठे गेला म्हणून तबलजी हातोडी शोधतो, आणि दोष असतो वायरीत.

डाखाचं एवढंच. चांगला डाख चकचकीत असतो आणि पिनेला मिठी मारून बसतो. वाईट डाख राखी, दाणेदार, मोहरीच्या दाण्यासारखा वर बसलेला. दुरुस्तीवाले त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न पुरे. सोल्डर ६०-४० चं, म्हणजे ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे, वितळतं १९० अंशांच्या आत, पण आधी पिन तापली पाहिजे. घाईचा माणूस सोल्डर आयर्नवर वितळवून थंड पिनेवर थेंब टाकतो. तो थेंब बसल्यासारखा दिसतो, पण आतली राळ मधेच अडकून राहते. पिन तापवा, सोल्डर पिनेला लावा, ते आपणहून पसरेल. मग हलवू नका, फुंकू नका, गोठू द्या. टोपी लावण्याआधी वायरीचं बाहेरचं आवरण क्लँपमध्ये पकडलंय ना पाहा. नाहीतर पुढच्या वेळी कुणी वायरीला अडखळलं की सगळी ओढ त्या डाखावर येते. शेवटी मल्टिमीटरचा बझर: एक-एक, दोन-दोन, तीन-तीन वाजलं पाहिजे, एक-दोन वाजता कामा नये.

डाख तुटतो वादकांच्या कोपरामुळे. कार्यक्रम संपला की प्रत्येक जण मदतीला येतो आणि वायर अंगठा नि कोपर यांच्याभोवती गुंडाळतो, वाळत घालायच्या दोरीसारखी. दर वेढ्याला वायरीला एकाच दिशेने पीळ बसतो आणि आतल्या बारीक तांब्याच्या तारा एकेक करून तुटतात. एक वेढा सरळ, पुढचा उलटा घ्या, पीळ फिटत जातो. शिकवायला दोन मिनिटं लागतात, पण रात्री बारा वाजता शिकायला कुणी तयार नसतं. मी आता मदत नाकारतो. वाईट दिसतं.

खरखर राहिली. फेडर सरकवतानाच येते आणि सोडला की थांबते, तर आत धूळ आहे. गणपतीनंतर आमच्या मिक्सरमधून निघते ती धूळ गुलाबी असते. मऊ ब्रशने झाडा, नंतर इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा काँटॅक्ट क्लीनर एखादा फवारा, फेडर वीसेक वेळा वरखाली. शिलाई मशीनचं तेल घातलेला मिक्सर मी पाहिलाय. पहिले आठ दिवस तो लोण्यासारखा चालला, नंतर त्या तेलाने गुलाल धरून ठेवला. मिरवणुकीत मिक्सरवर पंचा टाका, जुना असला तरी चालेल.

त्या कोजागरीला मध्यंतरात तडतड करणारी एक वायर मी काढून बाजूला ठेवली, आणि आवरताना कुणीतरी ती इतरांबरोबर पिशवीत भरली. पुढच्या कार्यक्रमात ती गायिकेच्याच हाती आली. आता वायर संशयास्पद वाटली की जागच्या जागी तिच्या टोकाला गाठ मारतो. गाठीची वायर कुणी खोचत नाही. सध्या पिशवीत तशा तीन आहेत, आणि पुण्यातल्या टापकीर गल्लीतून पिना आणायच्या राहिल्यात.

(पुढच्या भागात : फाटलेला कोन, आठ ओहमचा हिशेब)