हायड्रोजन स्वच्छ, पण कशापासून बनवलेला?

हायड्रोजन म्हटलं की धुराऐवजी पाण्याची वाफ सोडणारी बस आठवते. पण आपल्या चेंबूरला आरसीएफच्या खत कारखान्यात तो कित्येक वर्षं बनतोय! नैसर्गिक वायू आणि वाफेपासून हायड्रोजन, त्याचा अमोनिया, मग युरिया आणि 'सुफला' ही खतं. या पद्धतीत किलोभर हायड्रोजनमागे साधारण ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो.

विजेने पाण्याचं विघटन केलं तर? किलोला ५०-५५ युनिट लागतात. ती वीज कोळशाची असेल तर कार्बन आणखी वाढतो! म्हणून केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित' हायड्रोजनची मर्यादा ठरवली : किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड. महाराष्ट्राचं हरित हायड्रोजन धोरणही त्याच वर्षीचं.

गळतीबद्दल मात्र फार कमी बोललं जातं. हायड्रोजनचा रेणू सर्वांत लहान, बारीक फटीतूनही निसटतो. हवेत मिथेनचा नाश करणारे हायड्रॉक्सिल कण तो वापरून टाकतो, त्यामुळे मिथेन जास्त टिकतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा तापवणारा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ११-१२ पट!

माझं स्पष्ट मत : लोकल विजेवर धावतेच, बसलाही बॅटरी चालते. म्हणून हरित हायड्रोजन आधी जिथे तो लागतोच, त्या खतांना आणि माहुलच्या रिफायनऱ्यांना द्या.